आभासी गर्दीत चालायचे कसे : जॉयस्टिकने की स्वतःच्या पायांनी?

आणीबाणीत गर्दी इमारतीबाहेर कशी पडते, याचा आभासी वास्तवात अभ्यास करू पाहणाऱ्याने हेडसेटच्या निवडीपेक्षा सहभागी व्यक्ती आत चालणार कशी, याचा विचार आधी करावा, असे दोन्ही पद्धती वापरल्यानंतर मला वाटते.

जॉयस्टिकची बाजू लंगडी मुळीच नाही. लहानशा खोलीत बसून माणूस अख्खी इमारत पालथी घालू शकतो आणि अनेकांना एकत्र आणणेही सोपे जाते. मूसाईद आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३६ जण एकाच वेळी एका आभासी इमारतीत होते, तेही साध्या संगणकांच्या पडद्यांसमोर बसून. लोक कोणते दार निवडतात, एवढाच प्रश्न असेल तर ही पद्धत पुरेशी आहे.

मला खटकली ती वेगाची नोंद. अंगठा जॉयस्टिक शेवटपर्यंत रेटतो, त्यामुळे आलेख सपाट धावतो. कोणी आडवे आले की थेट शून्यावर कोसळतो आणि वाट मोकळी होताच पुन्हा कमाल वेगाला भिडतो. खरा माणूस असा चालत नाही. तो पाऊल आखडतो, खांदा वळवतो, अंग चोरून फटीतून निसटतो. गर्दीच्या अभ्यासात मोलाचे असते ते हेच, आणि नेमके तेच गळून पडते. अशा नोंदींवरून हेल्बिंग आणि मोल्नार यांच्या १९९५ च्या सामाजिक बल प्रारूपातील (माणसांची चाल बलांच्या रूपात मांडणाऱ्या गणिती प्रारूपातील) प्रतिकर्षण, म्हणजे इतरांपासून अंतर राखायला लावणारे बल, ठरवायला बसले, की आपण माणसाचे मोजतो आहोत की अंगठ्याचे, असा प्रश्न पडतो.

प्रत्यक्ष चालण्याला जागेची मर्यादा आहे. सरळ चालल्याचा भास देत माणसाला नकळत वळवत न्यायचे, तर त्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे २२ मीटर लागते, असे प्रयोगांतून दिसले आहे. इतके मोठे दालन सहसा मिळत नाही. तरीही समोरची आकृती पोकळ आहे हे ठाऊक असताना सहभागी अरुंद बोळात तिला खांदा लागू नये म्हणून तिरके होतात, हे मी पाहिले आहे आणि माझ्या दृष्टीने ते निर्णायक आहे.

दर चौरस मीटरला पाच-सहा माणसे दाटली की शरीरे एकमेकांवर रेलू लागतात. स्पर्शाविना तो दाब कोणत्याच पद्धतीत उतरत नाही. तिथे जर्मनीतील युलिश संशोधन केंद्राने केले तसे खऱ्या माणसांचे प्रयोगच पाहावेत.

जागा थोडी असेल, तर वाट निवडण्याचा भाग जॉयस्टिकवर घेऊन निदान दाराजवळचे शेवटचे काही मीटर तरी पायी चालवावेत, असे सुचवेन. त्या वेळी छातीवर वेगळा संवेदक बांधावा, कारण हेडसेट फक्त डोक्याची दिशा सांगतो, खांद्यांची नाही.