बॅटरी उतरायच्या आधी: केबल, जंप स्टार्टर, हेल्पलाइन की सरळ नवी बॅटरी?

गेल्या वर्षी गणपतीला गावी निघालो होतो. पहाटेचे पाच, सामान डिकीत, पोरं मागच्या सीटवर पेंगत बसलेली. सेल्फ मारला तर बोनेटखालून नुसतं ‘कट्-कट्-कट्’. गाडी पंचवीस दिवस पार्किंगमध्ये जागची हलली नव्हती. समोरच्या विंगमधले काका केबल घेऊन खाली आले. त्यांची गाडी शेजारी लावली, केबल जोडल्या, तरी माझं इंजिन फिरेना. दोन मिनिटांत चिमटे हाताला चांगलेच गरम लागले. शेवटी वॉचमनची जाड केबल आणली आणि पहिल्याच झटक्यात गाडी चालू झाली. एकाच कामाची दोन हत्यारं, एक नुसतं नावाला. तेव्हापासून बॅटरीसाठी काय घ्यावं हे कोणी विचारलं, की मी आधी उलट विचारतो: गाडी किती फिरते, आणि बंद पडली तर कुठे पडेल?

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडा थोडा करंट खातच राहतात. वीस ते पन्नास मिलीअँपिअर हे बहुतेक गाड्यांत नेहमीचं. तीस धरले तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते ते मोजायचं माप), म्हणजे पंचवीस दिवसांत अठरा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते पस्तीस अँपिअर-तासांची, म्हणजे गाडी उभ्या उभ्याच निम्मी बॅटरी रिकामी होते. त्यात बॅटरी साडेतीन वर्षांची असेल तर मुळातच तिच्यात पस्तीस उरलेले नसतात. रोज तासभर चालणाऱ्या गाडीला हा हिशोब लागू नाही. फक्त शनिवार-रविवारी निघणाऱ्या गाडीला मात्र पुरेपूर लागू आहे.

पहिले तीनशे रुपये

पुढच्या सगळ्या पर्यायांआधी साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात अडीचशे ते पाचशेला मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिली, की सकाळी बोनेट उघडून टर्मिनलवर लाल-काळी पिन टेकवायची. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर उतरलीच म्हणा. मग गाडी चालू करून पुन्हा बघायचं. साधारण १३.८ ते १४.५ दिसलं तर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, बॅटरी चार्ज करतोय. आकडा वर चढलाच नाही तर दोष चार्जिंगमध्ये आहे, आणि नवी बॅटरी टाकलीत तरी तीही उतरेल. सेल्फ मारताना घरातल्या कुणालातरी आकडा बघायला सांगा. भरलेली बॅटरीही त्या क्षणी ९.६ च्या खाली घसरत असेल, तर तिचे दिवस भरत आलेत.

गणपतीनंतर एका दुकानात मला सांगितलं, ‘सेल गेलाय, बदलून टाका, पाच हजार.’ मीटरवर १२.१ होतं, म्हणजे बॅटरी गेलेली नव्हती, निम्म्याहून जास्त रिकामी होती. दुसऱ्या एका दुकानात थोडक्या पैशांत रात्रभर चार्जिंगला लावली. ती आजही चालू आहे. त्या वेळी हातात मीटर नसता तर मी पाच हजार मोजून आलो असतो.

आणखी एक फुकटचं काम. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीही ‘डाऊन’ झाल्यासारखी वागते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून, जुन्या टूथब्रशने घासून, कोरडं पुसून, क्लॅम्प आवळून वर थोडं व्हॅसलीन. खोलताना आधी निगेटिव्ह आणि लावताना निगेटिव्ह शेवटी.

जंपर केबल

बिघडण्यासारखं काही नाही, चार्ज करावी लागत नाही, एकदा घेतली की वर्षानुवर्षं पडून राहते. फक्त शेजारी दुसरी गाडी हवी. सोसायटीत राहणाऱ्याला ती मिळतेच, त्यामुळे माझ्या मते शहरात बहुतेकांना एवढंच पुरतं.

खरी गोम तांब्यात आहे. काकांनी ती केबल मला देऊन टाकली, तेव्हा मी चाकूने तिचं रबर सोललं. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, आत पेन्सिलच्या शिशाएवढा तारांचा झुबका. खरवडल्यावर तारा आतून पांढऱ्या, म्हणजे ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा. छोटं पेट्रोल इंजिन फिरवायलाही शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून बरेच जास्त. ते एवढ्याशा तारेतून जाणार नाहीत, तार फक्त तापेल. पाकिटावर छापलेल्या ‘५०० अँपिअर’, ‘१००० अँपिअर’वर जाऊ नका. तारेची जाडी विचारा: पेट्रोलला १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५, आणि अस्सल तांबं. तयार पाकिटात असं क्वचित मिळतं. मी वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर कापून घेतली आणि चिमटे बसवून घेतले. सगळं मिळून हजार-दीड हजारात जमतं.

जोडायचा क्रम घरच्या सगळ्यांना शिकवून ठेवा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि त्याचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू द्यायची नाही. मदतीची गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. काढताना क्रम उलटा. मदतीला हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी मात्र घेऊ नका. बहुतेक कंपन्यांची पुस्तिकाच नको म्हणते.

लिथियम जंप स्टार्टर

तीन ते सात हजारांची ही पेटी. दुसऱ्या गाडीवाचून, एकट्या माणसाला, पावसात, ताम्हिणी घाटाच्या वळणावरही गाडी चालू करून देते. माझी बहीण नर्स आहे, रात्री अकराला ड्यूटी संपते. तिच्यासाठी मी हीच घेतली. त्या वेळी अनोळखी गाडीवाल्याला हात करायची पाळी तिच्यावर येऊ नये, याला माझ्या लेखी पाच हजारांपेक्षा जास्त मोल आहे.

पण तिची मर्यादा ओळखून घ्या. पेटीवर १२,००० मिलीअँपिअर-तास लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे साधारण ४४ वॉट-तास. गाडीच्या बॅटरीत असतात चारशेवर. म्हणजे ही पेटी इंजिनला फक्त झटका देते, बॅटरी भरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तिलाच चार्ज करावं लागतं, आणि जे विसरतील त्यांच्या ऐनवेळी उपयोगी पडणार नाही. वर उन्हाचा प्रश्न. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत साठ अंशांवर जातं, तिथे लिथियम सेल ठेवणं धोक्याचं. बहिणीला सांगितलंय, पर्समध्ये ठेव, गाडीत नको. हे जमणार नसेल तर केबलच बरी.

हेल्पलाइन

पैसे द्यायच्या आधी पॉलिसी काढून वाचा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आधीच जोडलेला असू शकतो. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी काहीशे रुपयांत मिळतो. नव्या गाडीबरोबर कंपनीही बऱ्याचदा देते. वर्षातून किती वेळा येतील, शहरापासून किती किलोमीटरपर्यंत येतील, तेवढं बघा आणि नंबर कागदावर लिहून ठेवा. शहरात हे उत्तम. घाटात बऱ्याचदा मोबाइलला रेंज नसते, तिथे याचा उपयोग नाही.

नवी बॅटरी कधी?

आपल्या उन्हात तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं साधारण आयुष्य. चौथ्या वर्षी मीटर वाईट आकडे दाखवायला लागला, की लांबच्या प्रवासाआधी बदला, आणि ती आपल्या गावात, चार दुकानांत भाव विचारून. हायवेवर अडलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही. जुनी बॅटरी दिली की किंमत कमी होते, त्यामुळे एक्स्चेंजचा भाव विचारा. वॉरंटीतले किती महिने फुकट बदलून मिळेल आणि किती महिने नुसती सूट, हे बिलावर लिहून घ्या. सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणाऱ्या गाडीत मात्र स्वस्तातली साधी बॅटरी टाकू नका. तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे अशा सारख्या चालू-बंदसाठी बनवलेली बॅटरीच लागते, नाहीतर वर्षा-दीड वर्षातच पुन्हा खर्च.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर यातलं काहीच विकत घेऊ नका. दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढून ठेवा. बाबांची रत्नागिरीची गाडी पावसाळाभर अशीच असते. घड्याळ पुन्हा लावावं लागतं, एवढंच. दहा मिनिटं जागच्या जागी इंजिन चालू ठेवल्याने आठवडाभर उभ्या गाडीत उतरलेलं नीट भरून निघत नाही, पेट्रोल मात्र जातं. निगेटिव्ह काढायचा नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास खरीखुरी चालवा.

आणि केबल डिकीत ठेवू नका. पुष्कळ गाड्यांची डिकी बटणावर उघडते, बॅटरी पार उतरली तर उघडतच नाही. केबल ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा, आणि रिमोटच्या आत लपलेली धातूची किल्ली कशी निघते ते आज रात्री एकदा काढून बघा.