जुनं सागवान घरीच चिरताना: बँड सॉचे आठ महिने

जुने वाडे उतरवले की निघणाऱ्या सागवानी तुळयांपासून मी देव्हारे आणि पेट्या करतो. तुळई ४ इंच जाड, मला फळी हवी १ सेंटिमीटरची. आधी वखारीतून चिरून आणायचो, पण इतकी पातळ फळी तिथे कुणी मनापासून काढून देत नाही. मग गोल पात्याच्या मशीनवर लाकूड उलटंपालटं करून चिरू लागलो. एकदा कापाची फट मिटली, पातं चिमटलं आणि तुकडा माझ्या बरगडीजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळला. त्याच आठवड्यात १४ इंची बँड सॉ घेतला, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या लांब पट्टीसारख्या पात्याची करवत.

इथे पातं वरून खाली धावतं, त्यामुळे लाकूड अंगावर फेकलं न जाता टेबलावरच दाबलं जातं. कापात भुसा होऊन जाणारी जागाही जेमतेम १ मिलिमीटरची. गोल पातं ३ मिलिमीटर खातं. रंध्यासाठी फळीमागे २ मिलिमीटर धरले, तरी १०० मिलिमीटरच्या तुळईतून सहाच्या जागी सात फळ्या निघतात. असं सागवान आता सहज मिळत नाही, म्हणून त्या सातव्या फळीचा मला खरोखर आनंद होतो. लागून निघालेल्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून देव्हाऱ्याच्या दारांना लावल्या की रेघा समोरासमोर जुळतात.

पहिला महिना मात्र वैतागात गेला. फळीच्या मधे पोट यायचं. दोष पात्याचा होता. मशीनसोबत आलेलं पातं इंचाला ६ दात्यांचं. उंच कापात भुसा दात्यांमधे कोंबला जातो, पातं तापतं आणि भरकटतं. अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दात्यांचं पातं चढवलं, ताण नीट दिला आणि निम्मा त्रास संपला. उरलेला कुंपणाचा, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पुढे सरकवतो त्या सरळ आडोशाचा. बहुतेक पाती थोडी एका बाजूला ओढतात. भंगार पट्टीवर सरळ रेघ मारून हाताने अर्ध्यापर्यंत कापा, मशीन थांबवा, पट्टी ज्या कोनात आहे तो टेबलावर आखा आणि कुंपण त्या कोनात लावा. त्याआधी तुळईची एक बाजू आणि एक कड रंधून गुण्यात (काटकोनात) आणायलाच हवी, नाहीतर ती कुंपणाला टेकून डुलते.

या मशीनवर भीती कमी वाटते, आणि बोटं जातात ती तिथेच. पात्याचं वरचं संरक्षक मी लाकडाच्या बोटभर वर ठेवतो, शेवटचे ५ इंच लाकडी काठीनेच ढकलतो. हातमोजे नाहीत, बाह्या कोपराच्या वर, तोंडाला मास्क. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला फार झोंबतो. गोल ओंडका तसाच कधीही घालू नका, पातं तो गरकन फिरवतं. मी तो आधी सपाट फळीवर स्क्रूने पक्का करतो. कापाची फट मिटू लागली की मशीन बंद करून मागे पाचर मारतो.

जुन्या लाकडातले खिळे हा माझा सगळ्यात मोठा खर्च. मार्चमधे लोहचुंबक फिरवूनही आत खोल बसलेला घडीव खिळा लागला. ठिणगी उडाली, धाडकन पातं तुटलं. बटण दाबलं आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडलं नाही. आता हातातला मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवल्याशिवाय तुळई टेबलावर चढत नाही.

एक तक्रार आहेच. लाइट जाऊन परत आली की माझं मशीन आपोआप सुरू होतं. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, विचारल्यावर हात झटकले. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि तेव्हा पात्याजवळ हात असला तर? वायरमनकडून वेगळा स्टार्टर बसवून घेतला. वीज जाऊन परत आली की त्याचं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. नवीन घेणाऱ्याने ही सोय दुकानातच प्लग काढून-लावून तपासावी.

चिरलेल्या फळ्या मधे पट्ट्या घालून, वर वजन ठेवून आठवडाभर पडू देतो, मगच रंध्याला लावतो. जुना साग फारसा हलत नाही. शेजारच्यांच्या आंब्याच्या फळ्या मात्र तीन दिवसांत होडीसारख्या वळल्या. त्या पुन्हा चिरायला आणू नका म्हणून त्यांना सांगितलंय, वळलेलं लाकूड टेबलावर बसत नाही.