ऑनलाइन सायकॉलॉजी कन्व्हर्जन एमएससी: दोन वर्षं आणि दहा हजार पौंड गेल्यावरचा रिव्ह्यू

मागच्या सहा महिन्यांत पाचजणींनी विचारलं, त्यातल्या दोघींनी तर गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत गाठून विचारलं, की तू ती इकडची सायकॉलॉजीची ऑनलाइन डिग्री केलीस ना, कशी आहे, मी करू का. प्रत्येकीला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी मूळची सांगलीची, बीकॉम, इंग्लंडात येऊन बारा वर्षं झाली, मिल्टन कीन्सला राहते, आठवड्यातले चार दिवस पेरोलचं काम, मुलगी दहा वर्षांची. सप्टेंबर २०२३ ला कोर्स सुरू केला आणि २०२५ मध्ये संपवला. युनिव्हर्सिटीचं नाव लिहिणार नाही, पुढे तक्रारी पण आहेत आणि तशीही दर वर्षी मॉड्यूल आणि फी बदलत असते त्यामुळे नावापेक्षा निवडताना काय बघायचं ते सांगितलेलं बरं.

आधी ही भानगड काय आहे ते. इथे ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी म्हणून संस्था आहे, सगळे बीपीएस म्हणतात, १९०१ पासूनची. पुढे क्लिनिकल किंवा एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, म्हणजे त्याच्या डॉक्टरेटला अर्ज करायचा तर बीपीएसचं जीबीसी लागतं, ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप. ज्यांनी इथे बीपीएसची मान्यता असलेली बीएस्सी सायकॉलॉजी केलीय त्यांचं ते काम तिथेच झालेलं असतं, आणि आपल्यासारखे बीकॉमवाले, इंजिनिअर, लिटरेचरवाले यांच्यासाठी हा कन्व्हर्जनचा रस्ता. म्हणजे खरं बघायला गेलं तर तुम्ही पैसे जीबीसीचे देताय, एमएससी त्याच्यासोबत येते. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्ध्या जाहिराती आपोआप गळतात.

कारण नावं फार फसवी आहेत. एमएससी सायकॉलॉजी, एमएससी अप्लाइड सायकॉलॉजी, एमएससी चाइल्ड सायकॉलॉजी, वेबसाइटवर सगळीकडे तोच झाडाकडे बघत हसणारा फोटो, पण जीबीसी सगळ्यांना नाही. त्यातही एकाच युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवरच्या कोर्सला मान्यता आहे म्हणून ऑनलाइनवाल्याला असेलच असं धरून चालू नका. बीपीएसच्या स्वतःच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त कोर्सची यादी आहे, तिथे कोर्सचं पूर्ण नाव, शिकवण्याची पद्धत आणि कुठल्या वर्षाच्या प्रवेशाला मान्यता आहे ते बघायचं, युनिव्हर्सिटीच्या पानावरचा लोगो बघून भुलायचं नाही. मला एका ठिकाणाहून (जिथे मी शेवटी गेले नाही) ‘स्टुडंट ॲडव्हायजर’चे आठवड्यात सात फोन आले. ॲडव्हायजर कसला, सेल्समनच तो. मी सरळ विचारलं की ऑनलाइन कोर्सला बीपीएसची मान्यता आहे का, तर म्हणतो मॅडम प्रोसेसमध्ये आहे आणि शुक्रवारपर्यंत ॲडमिशन घेतली तर दहा टक्के डिस्काउंट. लक्ष्मी रोडवर साडी घेताना ऐकलेली भाषा. तिथेच फोन ठेवला.

आता वेळेचं. जाहिरातीत ‘तुमच्या सोयीने शिका’ असं असतं, त्याचं मी तुम्हाला पेरोलवाल्या बाईचं गणित सांगते. एमएससी म्हणजे १८० क्रेडिट, इथे एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास धरतात, झाले १८०० तास. दोन वर्षांचे १०४ आठवडे, म्हणजे आठवड्याला सतरा तासांच्या वर, आणि हे एकही आठवडा सुट्टी न घेता, दिवाळी नाही, भारतवारी नाही, पोरीला ताप नाही. मी एवढे तास कधीच दिले नाहीत, बारा-तेरा द्यायचे आणि असाइनमेंटच्या आठवड्यात घरात खिचडी. पण निदान आकडा माहीत असावा, नाहीतर मग ‘सोयीने’ म्हणजे रात्री साडेनऊ ते बारा आणि रविवारची दुपार हे तिसऱ्या महिन्यात कळतं.

पैशांचं पण सांगते कारण तिथे बऱ्याच जणींचा गैरसमज असतो. इंग्लंडमध्ये सरकारचं मास्टर्स लोन मिळतं, माझ्या वर्षी ते १२,१६७ पौंडांपर्यंत होतं, दूरशिक्षणालाही चालतं पण तुम्ही इंग्लंडात राहणारे पाहिजे आणि पीआर किंवा पासपोर्ट पाहिजे, वर्क व्हिसावर नाही मिळत. फेड पगारातून कापली जाते, वर्षाला २१,००० पौंडांच्या वरच्या पगारावर सहा टक्के. आणि मेन अट म्हणजे आधीची मास्टर्स असेल तर लोन नाही, भारतातली असली तरी. माझी शेजारीण एमसीए, तिला नाही मिळालं. मी एमकॉम पहिल्या वर्षाला लग्न ठरलं म्हणून सोडलं होतं, पंधरा वर्षं आई त्यावरून बोलायची, आणि त्याच अर्धवट एमकॉममुळे मला इथे लोन मिळालं. आईला फी सांगितली, दहा हजाराच्या थोडी आत, तर तिने लगेच रुपयांत हिशोब करून ‘एवढ्यात विश्रामबागला गुंठाभर तरी आला असता’ असं ऐकवलं. आला असता का माहीत नाही पण मुद्दा पोचला.

कोर्सची रचना दोन प्रकारची दिसली. एकात दर आठ-नऊ आठवड्यांनी नवीन मॉड्यूल, वर्षातून पाच-सहा वेळा प्रवेश, तुम्ही चालत्या लोकलमध्ये चढल्यासारखे जे मॉड्यूल चालू असेल त्यात चढता. दुसऱ्यात सप्टेंबरला एकच बॅच, सगळे एकत्र. मी पहिला घेतला कारण एका वेळी एकच विषय, नोकरीबरोबर झेपतं. पण तोटा असा की माझ्या वाट्याला दुसऱ्याच मॉड्यूलला स्टॅटिस्टिक्स आलं, बरोबरच्या एकीचं ते सातवं होतं, आणि ग्रुपमध्ये आज ओळख झालेली माणसं दोन महिन्यांनी गायब. परत करायची वेळ आली तर मी सप्टेंबरवाला घेईन. रात्री अकराला ‘तुला स्टॅटिस्टिक्समधली ती लेव्हीनची टेस्ट कळली का गं’ म्हणून विचारायला एक कायमचं माणूस लागतं, त्याची किंमत आधी कळत नाही.

विषय सगळीकडे जवळजवळ तेच कारण बीपीएसने ठरवून दिलेत, बायोलॉजिकल, कॉग्निटिव्ह, डेव्हलपमेंटल, सोशल, व्यक्तिभेद, रिसर्च मेथड्स आणि विषयाचा इतिहास. शिकवणं ठीक. काही लेक्चर सुंदर होती, मेमरीवाली बाई तर मी भांडी घासताना दुसऱ्यांदा ऐकली, काही लेक्चरमध्ये कोविडच्या काळातलं रेकॉर्डिंग, मागे कुत्रा भुंकतोय. फीडबॅक मात्र हास्यास्पद, एका निबंधावर तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘चिकित्सक विचार चांगला आहे. अजून चिकित्सक करता आला असता.’ बास एवढंच.

स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका असं सगळे म्हणतात, मी म्हणते थोडं घाबरा. पण निवडताना एक प्रश्न नक्की विचारा की सॉफ्टवेअर कुठलं वापरता. एसपीएसएस असेल तर माउसने क्लिक क्लिक, ‘आर’ नावाचं असेल तर कोड लिहायचा, सुरुवातीला रडू येतं पण ते फुकट आहे आणि कोर्स संपल्यावरही तुमच्याकडे राहतं. आम्हाला एसपीएसएस होतं, युनिव्हर्सिटीचं लायसन्स संपलं की विषय संपला, म्हणून मी शेवटी जॅस्प शिकले, तेही फुकट आहे आणि दिसायला सोपं आहे.

आता प्रोजेक्ट, म्हणजे डिझर्टेशन, आणि माझ्या मते सगळी फी इथे वसूल होते किंवा इथेच बुडते. डेटा घेऊन स्वतः करायचा हा प्रोजेक्ट पास झाला नाही तर जीबीसी नाही. मी विषय घेतला स्ट्रूपचा. स्ट्रूप म्हणजे १९३५ चा जुना प्रयोग, शब्द लिहिलाय ‘लाल’ पण शाई निळी, आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, तर वाचणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की जीभ अडखळते. मला तो मराठी आणि इंग्रजी दोन्हीत करायचा होता, दोन्ही भाषा वाचणाऱ्या इथल्या मराठी लोकांवर. सुपरवायझर खूश, एथिक्सची परवानगी पाच आठवड्यांनी आली, मी प्रयोग सॉफ्टवेअरमध्ये चढवला आणि स्क्रीन बघून डोक्याला हात लावला. ‘लाल’ व्यवस्थित, बाकी तिन्ही तुटलेले. हिरवा, निळा, पिवळा, तिघांनाही पहिली वेलांटी आहे बघा, आणि ती उच्चारात नंतर येते पण लिहिताना अक्षराच्या आधी, सॉफ्टवेअरला ते कळतच नव्हतं, वेलांटी भलतीकडेच एका ठिपक्यांच्या गोलाला धरून लटकलेली. आता माणूस उत्तर द्यायला उशीर करतोय तो रंगामुळे की ‘ह’ च्या मागे लोंबणारं ते काय आहे हे बघण्यात, कसं कळणार? मी स्क्रीनशॉट सुपरवायझरला पाठवला तर त्यांचं उत्तर, ‘छान दिसतंय, पुढे जा.’ बिचाऱ्यांना सगळं सारखंच दिसत होतं. शेवटी प्रत्येक शब्दाचं प्रत्येक रंगात वेगळं चित्र बनवून ती सोळा चित्रं चढवली, तेव्हा कुठे गाडी पुढे गेली. त्यात माझे तीन शनिवार गेले.

ट्रायल म्हणून पोरीला बसवलं. मराठी फाडफाड बोलते पण देवनागरी अजून वाचत नाही. इंग्रजीत ‘रेड’ वर अडखळली, आणि मराठीत सटासट, एकदाही नाही अडकली, वर मलाच म्हणते हे तर सोप्पंय. मी स्वतः बसले तर दोन्हीकडे अडकले. निकाल काय आला ते सोडा, सॅम्पल लहान होतं, पण त्या दुपारी ‘वाचन आपोआप होतं’ म्हणजे काय ते मला जेवढं कळलं तेवढं आख्ख्या कॉग्निटिव्हच्या मॉड्यूलमध्ये कळलं नव्हतं.

म्हणून ॲडमिशनआधी ईमेल करून हे लेखी विचाराच: डिझर्टेशनला प्रत्येकाला वेगळा सुपरवायझर मिळतो का, की दहा जणांचा गट करून झूमवर बसवतात, किती वेळा भेटता येतं, आणि प्रोजेक्ट स्वतःचा करता येतो की त्यांच्या यादीतलाच घ्यावा लागतो. मला पाच मीटिंग मिळाल्या, मध्ये सुपरवायझर बदलले, नव्यांना पहिल्यापासून सगळं सांगा. पण निदान माणूस होता.

आणि कोणी करूच नये तेही सांगते. ही डिग्री करून तुम्ही सायकॉलॉजिस्ट होत नाही. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट, कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट अशी नावं २००९ पासून एचसीपीसी या नियामक संस्थेच्या रजिस्टरवर असलेल्यांनाच लावता येतात, आणि तिथपर्यंत जायला पुढे अजून तीन वर्षांची डॉक्टरेट वगैरे आहे, क्लिनिकलच्या जागांना तर मरणाची चढाओढ. नुसतं लोकांशी बोलून मदत करायची इच्छा असेल तर एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीजमध्ये सायकॉलॉजिकल वेलबीइंग प्रॅक्टिशनरचं पगारी ट्रेनिंग असतं, त्याला जीबीसीची अट नाही. समुपदेशक व्हायचं तर त्याचा डिप्लोमाचा रस्ताच वेगळा. माझ्या ओळखीतली एक दहा हजार भरून, आख्खा कोर्स करून मग त्या ट्रेनिंगला लागली, आता म्हणते आधी का नाही सांगितलंस, तर बाई तू विचारलंस कधी!

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: या ऑनलाइन कोर्सवर इथला स्टुडंट व्हिसा मिळत नाही, आणि परदेशी फी भरून तिकडे त्या जीबीसीचं करणार काय हा विचार करा. मिरजेच्या मावसबहिणीला इग्नूचं एमए सायकॉलॉजी करायचं होतं, तिथे कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालायचा म्हणजे एक प्रकारे आपलं देशी कन्व्हर्जनच, पण ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने जाहीर केलं की २०२१ च्या हेल्थकेअर कायद्यात येणारे विषय, सायकॉलॉजीसकट, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइनने शिकवायचे नाहीत. तिला आता रोज कॉलेजला जाऊनच करावं लागेल, सांगलीत की कोल्हापुरात ते ठरतंय.

माझे मार्क पाचपैकी साडेतीन. एक फीडबॅकचा कापला, अर्धा त्या सुपरवायझर बदलाबदलीचा. मी सध्या असिस्टंट सायकॉलॉजिस्टच्या जागांना अर्ज टाकतेय, अकरा टाकले, एक इंटरव्ह्यू झाला, नाही आलं. बाराव्याचा फॉर्म उघडून ठेवलाय. कोणाला कोर्सची यादी बघताना काही अडलं तर विचारा, फक्त रविवारी सकाळी नको, पोरीची मराठी शाळा असते, पहिली वेलांटी चालू आहे.