‘मॉस्कोच्या संग्रहातून थेट’: लाल सेनेच्या गणवेशांच्या नावाखाली चाललेला धंदा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या सोव्हिएत गणवेशांची ‘अप्रकाशित’ रंगीत चित्रं, सरकारी आदेशांचे स्कॅन आणि सोबत ‘अस्सल’ कॉलरपट्ट्या असा संच कुणी तुम्हाला विकायला आला, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे तीस हजारांच्या आसपास गेले. ते परत यायचे नाहीत, हे मी धरून चाललो आहे. पण हा माणूस अजून बाजारात आहे आणि त्याची पद्धत इतकी सफाईदार आहे की आपल्या छंदातले आणखी लोक त्याच्या गळाला लागणार, यात मला शंका नाही.

मी २८ मिलिमीटरचे सैनिक रंगवतो आणि टेबलावर लढाया खेळतो. यंदा खाल्खिन गोल घेतलं होतं. १९३९चा उन्हाळा, मंगोलियाची सीमा, एका बाजूला सोव्हिएत सेनापती झुकॉव्ह आणि दुसऱ्या बाजूला जपानचं क्वांतुंग सैन्य. या मापाच्या शिपायाच्या गळ्यावरची पट्टी तांदळाच्या दाण्याएवढीही नसते. बाहेरच्या माणसाला तिच्यासाठी एवढी धडपड म्हणजे खूळ वाटतं. वाटू दे. त्या पट्टीच्या रंगावरून शिपाई पायदळाचा की तोफखान्याचा ते कळतं आणि तिच्यावरच्या खुणांवरून हुद्दा कळतो. ती चुकली की सगळी पलटणच खोटी दिसायला लागते.

त्यात हा काळ भलताच अवघड. १९१९ मध्ये टोकदार बुद्योनोव्का टोपी आली, तिच्यावर दलाच्या रंगाचा मोठा तारा: पायदळाचा किरमिजी, घोडदळाचा निळा. छातीवर आडव्या रंगीत पट्ट्याही आल्या, १९२४ मध्ये त्या गेल्यासुद्धा. तेव्हा लेफ्टनंट, कर्नल असे हुद्देच नव्हते. माणूस ज्या पदावर काम करतो त्या पदाची श्रेणी तेवढी कॉलरवर लागे. वैयक्तिक हुद्दे आले सप्टेंबर १९३५ मध्ये, आणि त्या डिसेंबरात त्यांना जुळणारा नवा गणवेश. १९३६ मध्ये कोसॅक घोडेस्वारांच्या रेजिमेंटांना त्यांचा पारंपरिक पोशाख परत मिळाला. १९४० मध्ये जनरल आले. १९४३ मध्ये कॉलरवरच्या हुद्द्याच्या खुणाच गेल्या आणि झारच्या काळातल्यासारख्या खांदापट्ट्या परतल्या. वर्षा-दोन वर्षांची गल्लत झाली तरी जाणकाराला ती लगेच दिसते.

अशा काळाचे फोटो तरी मुबलक असावेत, तर तेही नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये पाच मार्शल नेमले गेले. त्यातल्या तुखाचेव्स्कीला जून १९३७ मध्ये गोळी घातली, ब्ल्यूखेर १९३८ मध्ये कोठडीत मेला, येगोरोव्हला १९३९ मध्ये मारलं. खालच्या अधिकाऱ्यांचीही अशीच कत्तल झाली. ‘जनतेचा शत्रू’ ठरलेल्या माणसाचा फोटो घरात ठेवणंसुद्धा धोक्याचं, म्हणून लोकांनी स्वतःच्या आल्बममधले चेहरे खरवडले, कापून काढले. जे उरलं ते कृष्णधवल. या अशा रिकाम्या जागेतच हा विक्रेता दुकान मांडून बसला आहे.

त्याची ओळख छंदातल्याच एका परिचितामुळे झाली. आपण एका मोठ्या संग्रहालयातून निवृत्त झालो आहोत, घरी जुने कागद आहेत, एवढंच तो सांगायचा. पहिले काही आठवडे त्याने काहीही विकलं नाही. मी शिरस्त्राणांबद्दल विचारलं, तर त्याने नीट समजावलं: खाल्खिन गोलला १९३६चं शिरस्त्राण, पुढे झुकती कड आणि डोक्यावर छोटा तुरा असलेलं, सहा रिव्हेटवालं १९४०चं तिथे दाखवायचं नाही. अक्षर न् अक्षर बरोबर. फुकटात दिलेली त्याची सगळी माहिती बरोबर होती. खोटं होतं ते फक्त विकलेलं. या सापळ्याची कळ तिथेच आहे. माणूस जाणकार आहे, हे आपण तपासून पाहतो. तो प्रामाणिक आहे का, हे तपासायचं राहून जातं आणि जाणकारीलाच आपण सचोटी समजतो.

मग हळूच आमिष. ‘१९३६ची हाताने रंगवलेली चित्रं, कुठेच छापली गेली नाहीत. शिवाय तुला नेमकी छटा हवी ना? पायदळाच्या कॉलरपट्ट्यांची एक अस्सल जोडी आहे, एकच.’ किरमिजी रंगाची नेमकी छटा मी शोधतोय, हे त्याला मीच आधी गप्पांत सांगितलेलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो त्याच्याच तोंडून निघालेली गरज विकतो.

पैशांच्या बाबतीत त्याचं कारण खरं होतं, म्हणून ते पचलं. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं आहे, पेपालही बंद. त्यामुळे ‘दुसऱ्या देशातल्या भाच्याच्या खात्यावर पाठव’ हे ऐकायला चमत्कारिक वाटत नाही. तिकडचे प्रामाणिक विक्रेतेही अशाच आडवाटा काढतात. फरक एवढाच की कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे दाद मागता येते, कुणाच्या तरी भाच्याच्या खात्यात थेट टाकलेल्या पैशांवर जवळजवळ नाहीच. अर्धे आधी, अर्धे पार्सल निघाल्यावर, असं ठरलं. पार्सलचा क्रमांकही खरा निघाला. माल पोचतो, हे लक्षात ठेवा. रिकामं खोकं पाठवणाऱ्यातला तो नव्हे.

आधी फायली आल्या. चित्रं देखणी होती, कागदाच्या कडा पिवळ्या, कोपऱ्यात गोल शिक्का. पहिल्या संध्याकाळी मी नुसता बघत बसलो. दुसऱ्या दिवशी ब्रश हातात घेऊन एकेक तपशील टिपायला लागलो, तेव्हा गाडी अडायला लागली. ‘कनिष्ठ लेफ्टनंट, १९३६’ असं लिहिलेल्या चित्रात कॉलरवर एक चौकोन. पण कनिष्ठ लेफ्टनंट हा हुद्दाच ऑगस्ट १९३७ मध्ये निघाला! १९३६ मध्ये लेफ्टनंट दोन चौकोनांपासून सुरू होई. ‘कर्नल, खाल्खिन गोल, जुलै १९३९’ याच्या गळ्यावर चार आयत. त्या उन्हाळ्यात कर्नलला तीनच असत. लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मध्ये घातला गेल्यावर कर्नल चारावर गेला. आणि १९३८च्या हिवाळ्यातला पायदळाचा शिपाई कानटोपीची उशांका घालून ऐटीत उभा, जी पायदळाला बुद्योनोव्काच्या जागी १९४० मध्ये मिळाली, फिनलंडबरोबरच्या युद्धात, तिथल्या थंडीत कान गोठल्यावर. १९३६ मध्ये चित्र काढणाऱ्याला पुढची चार वर्षं दिसत असली पाहिजेत.

रंगवलेल्या फोटोंची गंमत निराळी. त्या काळी बऱ्याच ठिकाणी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही. लाल, किरमिजी गोष्टी तिच्यावर काळ्या उमटतात आणि निळ्या फिकट. आता असा फोटो आपोआप रंग भरणाऱ्या संगणकाला दिला, तर किरमिजी पट्टीचा पायदळवाला काळ्या पट्टीचा होतो, म्हणजे तोफखान्यात किंवा रणगाडा दलात त्याची बदली होते. घोडदळाची निळी पट्टी करडी, जवळजवळ पांढरी. याच्या संचात नेमकं हेच होतं: काळ्या पट्ट्यांचे शिपाई, पण पट्टीवर तोफांची फुली नाही की रणगाड्याचं चिन्ह नाही. १९३६ ते १९४० या काळात पायदळाच्या कॉलरवर दलाचं चिन्हच नसे. ते सगळे पायदळाचेच होते बिचारे.

आदेशाचा स्कॅन मी एका मित्राच्या मावशीला दाखवला. त्या ऐंशीच्या दशकात पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकल्या आणि पुढे बरीच वर्षं भाषांतराचं काम करत होत्या. चष्मा लावून त्यांनी वरचं शीर्षक वाचलं, खालची सही वाचली.

“अरे, यावर साल १९३२ आहे ना?”

“हो, मावशी.”

“मग वर संरक्षण जनकमिसारियाट कसं? आणि खाली सही करणारा मार्शल म्हणवतोय. तू तर मघाशी म्हणालास की मार्शल पस्तीस साली झाले.”

संरक्षण जनकमिसारियाट, म्हणजे तिथलं संरक्षण मंत्रालय, हे नाव १९३४ मध्ये पडलं. त्याआधी ते खातं सैनिकी आणि नौदल व्यवहारांचं होतं आणि असे आदेश क्रांतिकारी सैनिकी परिषदेच्या नावाने निघत. सही ज्याच्या नावाची होती तो त्या खात्याचा प्रमुख व्होरोशिलोव्ह मार्शल झाला नोव्हेंबर १९३५ मध्ये. म्हणजे कुणीतरी नंतरच्या खऱ्या आदेशाचं शीर्षक आणि सही उचलून खाली हवा तो मजकूर घातला होता. “टंकलेखन मात्र सुरेख केलंय हो,” मावशी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

कॉलरपट्ट्या नंतर आल्या. कापड जाड, कडेला काळी किनार, दिसायला झकास. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरल्या, तर शिवण निळसर पांढरी लखलखली. कापडात असं चकाकणारं रसायन दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आलं. अर्थात नुसत्या टॉर्चवर विसंबू नका. खरं जुनं कापड कुणी हल्लीच्या साबणाने धुतलं असेल, तर तेही चमकतं. म्हणून मागच्या बाजूचा एक धागा काढून जाळला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. हा धागा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. पॉलिएस्टर. तो धागा १९४१ मध्ये पहिल्यांदा बनला, बाजारात तर पन्नासच्या दशकात आला. पट्टीवरच्या चौकोनांवर भट्टीतला मिना नव्हता, वरून ओतलेला रंग होता; सुईच्या टोकाने दाबला तर खळगा पडला.

आख्खा गिम्नास्त्योर्का, म्हणजे त्यांचा सदरा, विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हाच माणूस तेही विकतो. १९४३ नंतरचे, युद्धानंतर ढिगाने शिवलेले सदरे स्वस्तात मिळतात. त्यांची उभी कॉलर उसवून आडवी पडणारी जुन्या घाटाची कॉलर शिवतात आणि ‘१९३५चा’ म्हणून दसपट भावाने काढतात. खांद्यावर बघा. खांदापट्टी अडकवायच्या बंदाची शिवण काढली तरी सुईची भोकं राहतात. कॉलरचं कापड आणि अंगाचं कापड एकाच उन्हात विटलेलं आहे का, तेही बघा.

मी हे सगळं फोटोंसह त्याला कळवलं. राग नाही, आरडाओरडा नाही. ‘प्रिय सहकारी, पट्ट्यांची दुरुस्ती पुढे केव्हातरी झाली असेल, धागा तेव्हाचा.’ चित्रांबद्दल: ‘चित्रकाराची चूक, अशा चुकांमुळेच ती दुर्मीळ.’ आदेशाबद्दल: ‘ती नंतर टंकलेली प्रत आहे.’ प्रत्येक उत्तर सुटं घेतलं तर पटण्यासारखं. एकत्र ठेवली की कळतं, याच्याकडे न टिकणारी वस्तूच नाही. मी पैसे परत मागितल्यावर मात्र संवाद संपला. पुढे दुसऱ्या देशातल्या एका खेळाडूशी बोलताना कळलं, तीच ‘एकमेव’ जोडी त्याच्याही टेबलावर आहे.

माझ्या मते खरी ओळखखूण इथे आहे. खरा संग्रह अर्धवट उत्तरं देतो. धुवून आणि उन्हात विटून एकाच कंपनीतले सदरे हिरवटापासून मळकट पांढऱ्यापर्यंत वेगवेगळे दिसत, गोदामातला जुना माल नव्याबरोबर वाटला जाई, तेव्हा ‘नेमकी छटा’ अशी वस्तूच नसते. फिनलंडच्या सैन्याचे युद्धकाळातले सुमारे १ लाख ६० हजार फोटो २०१३ पासून सर्वांना फुकट पाहता येतात. १९३९-४०च्या हिवाळ्यातले सोव्हिएत कैदी त्यात बघा, नियमपुस्तकाशी न जुळणारी कितीतरी माणसं दिसतील. या विक्रेत्याच्या चित्रांत एकही बटण तुटलेलं नव्हतं आणि माझा एकही प्रश्न अनुत्तरित नव्हता.

पैसे गेलेच तर वाट बघत बसू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करा. बोलण्याचे आणि व्यवहाराचे सगळे पुरावे आधीच साठवून ठेवा, कारण अशा वेळी जुने संदेश पहिल्यांदा गायब होतात. माझ्या बाबतीत तेच झालं.

आता तो नाव बदलून स्पेन विकतो आहे: ‘यादवी युद्धातले सोव्हिएत सल्लागार, १९३६ ते १९३९, बारा रंगीत चित्रं.’ नमुन्याचं चित्र मी पाहिलं. किरमिजी कॉलरपट्ट्या, त्यावर दोन आयत, टोपीवर लाल तारा. स्पेनमध्ये गेलेले सोव्हिएत अधिकारी टोपणनावांनी वावरत, स्पॅनिश प्रजासत्ताकाचा गणवेश नाहीतर साधे कपडे घालत. स्वतःच्या सैन्याच्या खुणा तिथे मिरवायच्या नसतातच. ते चित्र दिसलं, की ओळखा तोच आहे.