‘एका दिवसाचा मुख्याध्यापक’: खुर्चीपेक्षा वेळापत्रक हातात द्या

मुलाला एक दिवस मुख्याध्यापकांची जागा देण्याचा हा उपक्रम एकाच नावाने तीन तऱ्हांनी होतो, आणि नाव नोंदवण्याआधी आपल्या शाळेत कोणता होतो हे विचारून घ्यायला हवं. पहिल्या तऱ्हेत मुलाच्या गळ्यात बिल्ला घालतात, खुर्चीत बसवून फोटो काढतात आणि दुसऱ्या तासिकेपर्यंत ते आपल्या वर्गात परत आलेलं असतं. दुसऱ्यात शाळेच्या निधीसाठी तिकिटं काढून सोडतीने मूल निवडतात. निधी जमतो, पण ज्याच्या घरून जास्त तिकिटं घेतली जातात त्याची संधी वाढते आणि तयारीला बहुधा वेळ उरत नाही. तिसऱ्यात मूल शाळा भरण्याआधीपासून सुटेपर्यंत मुख्याध्यापकांबरोबर राहतं आणि ठरलेली चार-पाच कामं स्वतः करतं. पुढचं सगळं या तिसऱ्या तऱ्हेबद्दल आहे. ही नीट झाली तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार गुण. पहिल्या तऱ्हेला दीड, तोही मुलाला आनंद होतो म्हणून.

दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम सकाळी पहिल्या वीस मिनिटांतच येतं: रजेवरच्या शिक्षकांचे तास लावणं. बहुतेक शाळा नेमकं हेच मुलापासून लांब ठेवतात, आणि ही सर्वांत मोठी चूक आहे. समजा, शाळेत 24 शिक्षक आहेत, दिवसाच्या 8 तासिका आहेत आणि प्रत्येकाला 6 तास शिकवणं व 2 ऑफ, म्हणजे मोकळे तास, आहेत. आज तिघं नाहीत, म्हणजे 18 तास रिकामे. हजर असलेल्या 21 जणांचे ऑफ तास मिळून 42 होतात. कागदावर हे सहज भागतं. पण तिसऱ्या तासिकेला तिन्ही वर्ग एकदमच रिकामे पडतात आणि त्या वेळी मोकळे असतात फक्त दोघं. त्यातल्या एकाने ऑफ सोडला तर त्याचे सलग पाच तास होतात. आता काय करायचं? दोन तुकड्या सभागृहात एकत्र बसवायच्या, की खेळाचा तास पाचव्यावरून तिसऱ्यावर आणायचा? मग मैदानावर त्या वेळी आणखी कोणता वर्ग आहे? शाळा म्हणजे माणसं, खोल्या आणि वेळ यांची जुळणी असते, हे मुलाला इथे जितकं कळतं तितकं कोणत्याही भाषणाने कळत नाही.

या कामात मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात. प्रयोगशाळेची जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका, त्यांच्या लक्षात येत नाही आणि त्यातली एकच भरली जाते. दुसरं म्हणजे आवडत्या शिक्षकांचं नाव तीन-तीनदा लागतं. यावर उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी मुख्य वेळापत्रकाची मोठी प्रत द्यावी, पेन्सिलीने लिहायला सांगावं आणि काल कोणाला जादा तास लागला त्यांच्या नावापुढे खूण करून ठेवावी. यादी पर्यवेक्षकांनी तपासल्यावरच सूचनावहीत जावी. मुलाला फक्त शिक्षकाचं नाव आणि तासिका सांगाव्यात, रजेचं कारण सांगू नये.

मर्यादांचा विषय निघालाच आहे तर त्या आधी लिहून काढाव्यात. निकाल, शुल्क, आजारपण, तक्रारी आणि कर्मचाऱ्यांच्या फायली मुलासमोर उघडायच्या नाहीत. खऱ्या दाखल्यावर किंवा पैशाच्या कागदावर त्याची सही घ्यायची नाही. आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करायचं काम त्याच्याकडे कधीही देऊ नये, कारण उद्या दोघं एकाच बाकावर बसणार असतात. पालक भेटायला आले तर त्यांची परवानगी विचारावी. ती नसेल तर त्या वेळेपुरतं मुलासाठी ग्रंथालयातलं एक टेबल आणि एक काम तयार असावं. हे ठरलेलं नसलं की मूल कार्यालयाबाहेरच्या बाकावर अर्धा तास नुसतं बसून राहतं. मुख्याध्यापकांना अचानक बाहेर जावं लागतं तेव्हाही हेच होतं, म्हणून मुलासाठी दुसरी एक जबाबदार व्यक्ती आधीच नेमलेली हवी.

परिपाठातली घोषणा दीड मिनिटाची पुरते. ती लिहून आदल्या दिवशी मोठ्याने दोनदा वाचून घ्यावी.

वर्गफेरी चांगली होते, पण अट अशी की शिक्षकांना आदल्या दिवशी कळवलेलं असावं. एका वर्गात पाच मिनिटं, शेवटच्या बाकावर बसून. ‘शिकवणं कसं वाटलं’ असा शेरा मुलाकडून मागू नये. तो शिक्षकांवर अन्याय आहे आणि मुलावरही. त्याऐवजी मोजता येईल असं बघायला सांगावं: मागून फळा वाचता येतो का, पंख्याच्या आवाजात बोलणं ऐकू येतं का, किती मुलं बोलली. चार वर्गांच्या अशा नोंदींतून मुख्याध्यापकांनाही उपयोगाचं काही हाती लागतं. फेरी मधल्या सुट्टीनंतर ठेवावी, कारण तोपर्यंत मूल दमलेलं असतं आणि बसून कागद वाचणं त्याला जड जातं. लहान वर्गातल्या मुलाला अर्धाच दिवस द्यावा.

दिवसातून एक निर्णय मुलाचा असावा, आणि तो खरा असावा. इथे ‘आज गृहपाठ नाही’ ही घोषणा नेहमी पुढे येते. ती टाळावी. शिक्षकांचा उद्याचा धडा त्या गृहपाठावर उभा असतो आणि त्यांना हे माइकवरून कळतं, मग राग मुलावर निघतो. निर्णय असा निवडावा ज्याला पैसे लागत नाहीत आणि जो दुसऱ्या दिवशीही टिकू शकतो: नळापाशी रांग कुठून लावायची, हरवलेल्या वस्तूंची पेटी कुठे ठेवायची, सुट्टीत ग्रंथालय कोणत्या वर्गाला कधी. ठरवण्याआधी मुलाने तीन जणांना विचारावं आणि त्यात ज्याचं काम वाढणार आहे तो माणूस असायलाच हवा. पेटीची जागा बदलायची तर शिपाईकाकांना आधी विचारावं, जिन्याखाली ओल येते हे त्यांनाच माहीत असतं.

निवडीबद्दल: फक्त पहिला नंबर किंवा वर्गप्रतिनिधी घेतला तर बाकीचे अर्जच करत नाहीत. ‘शाळेतली कोणती एक गोष्ट तुला समजून घ्यायची आहे’ यावर दहा ओळी मागवाव्यात आणि नेटक्या ओळींमधून चिठ्ठी काढावी. अबोल मुलांनाही मग जागा मिळते.

पालकांनी एक हिशेब धरावा. मुलाचे त्या दिवशीचे सगळे तास बुडतात. चाचणी किंवा प्रात्यक्षिकाचा दिवस असेल तर तारीख बदलून मागावी आणि वह्या कोण देणार हे आधीच ठरवावं. शाळेकडून आदल्या दिवशीची अर्ध्या तासाची बैठक आणि छापील वेळापत्रक मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत नाव देऊ नये. शेवटची वीस मिनिटं मुख्याध्यापकांनी मुलासोबत बसण्यासाठी राखलेली आहेत का, हेही विचारावं. निर्णयाची अंमलबजावणी कोण करणार त्याचं नाव तिथेच लिहिलं जातं, आणि पंधरा दिवसांनी मूल त्याच माणसाला जाऊन विचारू शकतं की पेटी अजून जागेवर आहे का.