चौकोनी कव्हर मागितलं तिथेच उठायला हवं होतं

म्युझिक व्हिडिओच्या पॅकेजमध्ये आम्ही फसलो, एकूण ५६,५०० रुपयांना. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण जो तो पहिल्यांदा तेवढंच विचारतो. बुकिंगचे ११,०००, लोकेशनच्या परवानगीचे १२,७५०, कॅमेरा आणि लेन्सचं डिपॉझिट १५,०००, वेबसाइटचे ८,५०० आणि प्रमोशनचे ९,२५०. आम्ही चौघे, म्हणजे प्रत्येकी १४,१२५. पैशांचा राग आहेच. पण शब्द आमचे, चाल आमची, आवाज आमचा, आणि तेच गाणं आमच्याच यूट्यूब चॅनेलवर चढवलं की दुसऱ्याच्या मालकीचा दावा येतो, याची चीड शब्दांत मांडता येत नाही.

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना म्युझिक व्हिडिओ, आर्टिस्ट वेबसाइट आणि प्रमोशन असं एकत्र पॅकेज विकणारे अंधेरी-गोरेगावात बरेच आहेत. अशी माणसं कशी खेळवतात ते तुम्हाला माहीत आहे. थोडं काम खरंच करून दाखवायचं, पैसे तुकड्यातुकड्यांनी मागायचे, आणि एकेक तुकडा इतका लहान ठेवायचा की त्यासाठी कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही. ते पुन्हा सांगत बसत नाही. या पॅकेजमधली खरी चोरी पैशांची नसते, नावांची असते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर, चॅनेलचा ॲक्सेस कुणाकडे, रेकॉर्डिंग कुणाच्या नावाने नोंदलेलं, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कुणाच्या खिशात. हे चार प्रश्न आम्ही विचारले नाहीत.

आम्ही आंधळेपणाने गेलो नव्हतो. आधी तीन ठिकाणी दर विचारले होते, ९०,००० पासून १ लाख ४० हजारांपर्यंत. ज्याला काम दिलं त्याचं ऑफिस होतं, शोरील, म्हणजे आधीच्या कामाची चित्रफीत होती, कॉलेजच्या सीनिअरने नाव सुचवलं होतं. शॉट डिव्हिजन आमची तयार होती: साडेतीन मिनिटांचं गाणं, सरासरी तीन सेकंदांचा शॉट, म्हणजे ७० शॉट. एडिट आम्हीच करणार होतो. फक्त कॅमेरा, डीओपी (कॅमेरा सांभाळणारा), परवानगी आणि वेबसाइट बाहेरून घ्यायची होती. यात मूर्खपणा कुठे होता ते मला आजही कुणी दाखवावं.

मूर्खपणा नंतर झाला. कोटेशन मान्य केल्याच्या दुसऱ्या दिवशी एक फॉर्म आला. सातवा प्रश्न: कव्हर आर्ट, चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा वेबसाइटचा पत्ता नको. आठवा: मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, वेव्ह स्वरूपात, २४ बिट, सोबत स्टेम्स, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक. नववा: गीतकार आणि संगीतकाराचं कागदोपत्री पूर्ण नाव.

व्हिडिओ शूट करायला यातलं काहीही लागत नाही. यूट्यूबचं थंबनेल आडवं असतं, १२८० बाय ७२०. सेटवर ओठ जुळवण्यासाठी गाणं वाजवायला साधी एमपी३ पुरते. सुरुवातीला चार ठोक्यांचा काउंट टाकायचा, आणि स्लो मोशनसाठी दुप्पट वेगाची एक वेगळी फाइल न्यायची. गायक त्या वेगावर ओठ हलवतो, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर चालतो, आणि २५ च्या टाइमलाइनवर वेग निम्मा झाला की ओठ मूळ गाण्याशी जुळतात. मास्टर लागतो तो एडिटला, तोही शूट झाल्यावर, आणि एडिट तर आमच्याकडे होता. गायकाचा ट्रॅक वेगळा, ढोलकी वेगळी, गिटार वेगळी, असे स्टेम्स व्हिडिओवाल्याने मागायचं कारणच नाही. ३००० चा चौकोन, पत्त्याशिवायचं कव्हर आणि कागदोपत्री नावं एकत्र मागितली जातात ती एकाच कामासाठी: गाणं स्ट्रीमिंगच्या दुकानांत चढवण्यासाठी. हे आम्हाला माहीत होतं. आम्ही हेच शिकतो. तरीही चौघांपैकी एकाने रात्री बसून तो चौकोन बनवला, बाकीच्या तिघांनी रंगांबद्दल मतं दिली, आणि हा कशासाठी मागतोय, असं एकानेही विचारलं नाही. त्या रात्रीचं चॅट आजही आमच्याकडे आहे. ते पुन्हा वाचवत नाही.

नवव्या प्रश्नाखाली एक पीडीएफ होती, मोबाइलवर बोटाने सही करायची. शीर्षक होतं शूटिंग संमतिपत्र. तिसऱ्या पानावर ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क कायमस्वरूपी हस्तांतरित करत असल्याचं वाक्य. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. गाणं तयार झालं की हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेला कागद लागतो, त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि किती मोबदला हे लिहावं लागतं. आमच्या कागदात मोबदल्याचा आकडाच नाही. आम्ही आता त्यावरच भांडतोय. तुम्ही सही करण्याआधी भांडा. हस्तांतरण, असाइनमेंट, कायमस्वरूपी यातला एकही शब्द शूटिंगच्या कागदात दिसला तर तो पेनाने खोडा, आणि समोरचा नाही म्हणाला तर निघून या.

शूट झालं ते अर्धा दिवस, वांद्र्याला बँडस्टँडवर. दुसरा अर्धा दिवस वसईच्या किल्ल्यात ठरला होता. तिथे दारातच पहारेकऱ्याने पत्र वाचून परत पाठवलं. पत्र होतं मुंबई महापालिकेच्या नावाचं. वसई मुंबई महापालिकेत येत नाही, आणि किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. १२,७५० रुपयांचं ते पत्र आम्हाला पहिल्यांदा दिसलं ते त्या दारात. जागा ज्याच्या ताब्यात, परवानगी त्याचीच, आणि शुल्कही त्याच्याच खात्यात जातं, कुणा माणसाच्या यूपीआयवर नाही. अर्जाची पोच आपल्या ईमेलवर आल्याशिवाय तारीख धरू नका.

डिपॉझिटचंही तेच. कॅमेरा भाड्याने देणारे चलन देतात, त्यावर बॉडीचा आणि प्रत्येक लेन्सचा सीरियल नंबर असतो, म्हणजे काय घेतलं नि काय परत केलं ते कागदावर राहतं. आम्हाला चलन मिळालं नाही, कारण कॅमेरा भाड्याचा नव्हताच, त्याच्या मित्राचा होता. डिपॉझिट थेट भाडेवाल्याला द्या, मध्ये कुणी नको.

फुटेज एक तास वीस मिनिटांचं. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे साधारण ६० जीबी. १ टीबीची हार्ड डिस्क आमच्या बॅगेत होती. ‘ऑफिसात नीट कॉपी करून देतो, इथे धूळ आहे,’ असं तो म्हणाला आणि कार्ड घेऊन गेला. ते फुटेज आम्हाला अजून मिळालेलं नाही. पॅकअप होण्याआधी, जागेवरच, दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी. फाइलची संख्या आणि आकार जुळल्याशिवाय कुणीही टॅक्सीत बसायचं नाही.

वेबसाइटवर फार लिहिण्यासारखं नाही. विकत मिळणारं टेम्प्लेट, आत आमचे दोन फोटो, तळाला लॅटिनमधला नमुना मजकूर तसाच. पण डोमेन त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर घेतलेलं होतं. आम्ही पैसे परत मागितले त्या संध्याकाळी साइट बंद झाली. विद्यार्थी कलाकाराला एक पान पुरतं: वर व्हिडिओ, खाली गाण्याचे शब्द, श्रेयनामावली, छापता येतील असे दोन फोटो, संपर्काचा ईमेल. असं साधं पान गिटहब पेजेस या सेवेवर फुकट ठेवता येतं. डोमेन स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या पैशाने घ्या. डिझाइन करणाऱ्याला फक्त डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन साइटशी जोडणाऱ्या नोंदींमध्ये, काय भरायचं ते विचारा आणि आपण भरा. पासवर्ड देऊ नका. डोमेन दुसऱ्याच्या खात्यात गेलंच असेल तर ते हलवायला ऑथ कोड, म्हणजे परवानगीचा गुप्त क्रमांक, लागतो, तो खातेदारालाच मिळतो, आणि नवं डॉट कॉम पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. या ६० दिवसांत तो तुम्हाला गोड बोलून खेळवतो.

प्रमोशनच्या ९,२५० मध्ये ४२ सेकंदांच्या टीझरला दोन दिवसांत ११,४०० व्ह्यू आले आणि आठवड्याभरात ३१२ उरले. यूट्यूब खोटे व्ह्यू काढून टाकतं. ॲनालिटिक्समध्ये देश आणि सरासरी किती सेकंद पाहिलं हे दोन आकडे बघितले की कळतं. व्ह्यूचा आकडा विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. चॅनेलचा मॅनेजर ॲक्सेसही नको, एडिटर ॲक्सेससुद्धा काम असेपर्यंतच.

आता दावा. त्याने आमचं गाणं आपल्या म्युझिक लेबलच्या नावाने वितरकाकडे, म्हणजे गाणी स्ट्रीमिंगच्या दुकानांत पोचवणाऱ्या कंपनीकडे चढवलं, आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) घेतला, कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेत टाकलं. आम्ही हरकत घेतली की उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस मिळतात. तो तिसाव्या दिवशी हरकत फेटाळतो. मग आमचं अपील, त्याला ७ दिवस. तिथे त्याने व्हिडिओ काढायची मागणी केली तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबचा दंडाचा शेरा, येऊ शकतो. म्हणून पुरावा आधीच हवा: गाण्याची सेशन फाइल, तारखांसहित, पहिलं फोनवरचं रेकॉर्डिंग, शब्द स्वतःलाच केलेल्या ईमेलमध्ये. आमच्याकडे हे सगळं आहे, म्हणून निदान भांडता येतंय.

आणि मग ज्यांच्याकडे दाद मागायची ते. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑफिस दुसऱ्या हद्दीत आहे. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, पैसे तुम्ही मुलुंडहून पाठवले, तिकडे जा. तिसऱ्या ठिकाणी दोन तास बाकावर बसवून साहेब राउंडला गेलेत म्हणाले, आणि साहेब आल्यावर म्हणाले की तुम्ही स्वतः सही केलीय, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. अर्ज आणि एफआयआर यातला फरक आम्हाला त्या बाकावर शिकावा लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असली तरी द्यायची सोय आहे. फसवणुकीचं कलम न्याय संहितेत ३१८ आहे. आम्ही ही दोन्ही कलमं छापून नेली होती. कागद न बघता बाजूला ठेवला. वीस वर्षांच्या मुलांनी कायदा वाचून यावा हाच त्यांना उद्धटपणा वाटला. खोट्या सरकारी पत्राची प्रत समोर ठेवली, त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. पालिकेच्या नावाचा शिक्का बनवून कुणी पैसे घेतो, हेसुद्धा दिवाणी?

बँकेत सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, आम्ही काही करू शकत नाही. नंतर खात्यात २,३४० रुपये अडवल्याचं कळवलं, आणि ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. वितरकाच्या मदत विभागाने पाच ईमेलना शब्दशः तेच उत्तर पाठवलं. कॉलेजने हा विद्यार्थ्यांचा खाजगी व्यवहार ठरवला. प्रोजेक्टची मुदत मात्र एका दिवसानेही वाढवली नाही.

तुमच्यावर वेळ आली तर पहिला तास घालवू नका. लगेच १९३० ला फोन, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक वेगवेगळा भरा. आम्ही अकरा दिवस त्याच्या ‘उद्या देतो’वर घालवले, तोवर खातं जवळजवळ रिकामं झालं. ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे: आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. आमची तिथे दाखल झालीय. पैसे देताना यूपीआयवर उमटणारं नाव वाचा. आमचे पाच हप्ते तीन वेगवेगळ्या नावांवर गेले. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा, १५ अक्षरं, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. आमच्या कोटेशनवरचा पोर्टलवर सापडतच नाही. तपासायला एक मिनिट लागतं. आम्ही तपासला पैसे गेल्यावर.

तोच फॉर्म या महिन्यात दुसऱ्या लेबलच्या नावाने दोन कॉलेजांच्या ग्रुपवर फिरताना दिसला. वरची पट्टी निळ्याची जांभळी केली आहे. प्रश्नांचे क्रमांकही बदललेले नाहीत. सातव्यात अजूनही ३००० बाय ३००० चा चौकोन मागितला आहे.