सिक्रेट कुठेही पाठवायची नसते, हे मला माहीत होतं

टेलिग्रामवरून घेतलेल्या क्रिप्टो ट्रेडिंगच्या स्क्रिप्टचे (छोट्या प्रोग्रामचे) ₹४,९९९ आणि क्रिप्टो खात्यातले ₹२,३५,१२०. एकूण ₹२,४०,११९. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण घरी अजून "थोडे गेले" एवढंच सांगितलंय.

टेलिग्रामवरचे "सर", नफ्याचे स्क्रीनशॉट, "फक्त वीस जणांसाठी" हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. नफ्याच्या हमीला मी भुललो नाही. क्रिप्टो एक्स्चेंजच्या एपीआयला (आपला प्रोग्राम ज्या दाराने एक्स्चेंजशी बोलतो त्याला) पायथनमधून पाठवलेली माझी रिक्वेस्ट तीन रात्री नाकारली जात होती, कधी सही चुकीची म्हणून, कधी टाइमस्टॅम्प चुकीचा म्हणून. अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेला माणूस आहे मी. वेळ वाचावा म्हणून त्याच सरांकडून तयार स्क्रिप्ट घेतली. तिला माझी एपीआय की आणि सिक्रेट दिली; की म्हणजे खात्याची ओळख, सिक्रेट म्हणजे तिचा पासवर्ड. कीला पैसे काढण्याची परवानगीसुद्धा दिली नव्हती.

आणि स्क्रिप्ट मी वाचली होती. हेच सलतंय. तिच्यात दोन पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे माहिती बाहेर पाठवणाऱ्या, होत्या. एक एक्स्चेंजला जाणारी. दुसरी 'टाइम सिंक' नावाच्या फंक्शनमध्ये, आणि तिचा पत्ता बेस-६४ करून, म्हणजे अगम्य अक्षरांत बदलून, लपवलेला. विचारलं तर सर म्हणाले, "दादा, घड्याळ मागेपुढे झालं की रिक्वेस्ट परत येते, म्हणून आपल्या सर्व्हरवरून वेळ जुळवतो." घड्याळाचं खरंच आहे, तीच एरर मी तीन रात्री बघत होतो, म्हणून पटलं. पण वेळ विचारायला नुसती माहिती मागणारी साधी गेट रिक्वेस्ट पुरते, तिला ना की लागते ना सही! इथे तर हेडरमध्ये माझी सिक्रेट होती. एचमॅक या सही करण्याच्या पद्धतीत सिक्रेट आपल्याच मशीनवर राहते, तिच्यापासून काढलेली सही तेवढी बाहेर जाते. ती ओळ डोळ्यांसमोर होती. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मी एंटर दाबलं.

चौथ्या दिवशी पहाटे अकरा मिनिटांत खेळ संपला. माझी की वापरून त्यांनी माझं सगळं होल्डिंग ₹२,४१,३०० ला विकलं, आणि त्या पैशातून कुणी विचारत नाही असं एक टोकन बाजारभावाच्या कितीतरी पट दराने माझ्या नावावर घेतलं. विकणारे तेच असणार, दुसरं कोण त्या भावाला विकायला बसलं होतं? पैसे काढावेच लागले नाहीत, ट्रेडची परवानगी पुरली. डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीकॉमाज या ट्रेडिंग बॉट कंपनीकडून ग्राहकांच्या कीज फुटल्याची बातमी मी वाचली होती. तरीही. आज त्या टोकनची किंमत ₹६,१८०.

"आयपी बांधू नका, घरचा आयपी बदलतो," असंही सरांनी सांगितलं होतं. म्हणजे की एकाच इंटरनेट पत्त्यावरून चालेल अशी अट घालू नका. बदलतो, खरं आहे. मग स्थिर आयपी घ्या, पण उघडी की ठेवू नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. ताई म्हणाल्या, यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा नंबर, द्या. बँकेतून पैसे गेलेच नाहीत तर यूटीआर कुठून आणू? शेवटी यूपीआयने दिलेल्या ₹४,९९९ ची तेवढी तक्रार नोंदली. एक्स्चेंजचं उत्तर आलं: ऑर्डर वैध कीने आल्या, म्हणजे तुमच्याच. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "विकलं तुमच्याच खात्यातून ना? मग हा ट्रेडिंगमधला तोटा." आयटी कायद्याचं कलम ६६सी दाखवलं, दुसऱ्याची ओळख वापरणं हा गुन्हा आहे म्हटलं. "क्रिप्टो कायदेशीर आहे का आधी ते सांगा." कायदेशीर नाही तर सरकार नफ्यावर ३० टक्के कर कशाचा घेतं? त्या पहाटे चोराने केलेल्या विक्रीवर एक टक्का, ₹२,४१३ टीडीएस माझ्या पॅनवर कापला गेलाय! कर घेताना व्यवहार माझा, आणि चोरी झाली तर माझा तोटा? एफआयआर नाही, फक्त अर्जावर शिक्का. तीन चकरा झाल्या, दर वेळी टेबल वेगळं, आणि दर वेळी एपीआय म्हणजे काय इथपासून सुरुवात.

कुणाचीही स्क्रिप्ट चालवण्याआधी तिच्यातली प्रत्येक पोस्ट शोधा. पत्ता उघड लिहिलेला नसेल तर चालवू नका. नुसते भाव बघायचे असतील तर कीला ट्रेडची परवानगीही देऊ नका.

काल त्याच फोटोचा नवा ग्रुप दिसला. किंमत आता ₹५,९९९. कुणी आधीच घेतली असेल तर आधी एक्स्चेंजवर जाऊन की डिलीट करा, स्क्रिप्ट नंतर उघडून बघा.